पथक मांजरसुंब्याला पोचलंय

बीड जिल्ह्यात विद्यापीठाच्या परीक्षा लागल्या की सगळ्यांत चोख काम परीक्षा विभाग करत नाही, हवामान खातं तर नाहीच नाही. भरारी पथक या घडीला कुठवर आलंय, हे सांगणारी एक बिनपगारी यंत्रणा इथे आहे. तिच्या तोडीचं दुसरं काही नाही. पथक निघतं छत्रपती संभाजीनगरहून, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातून. भेट अचानक द्यायची असते. म्हणून कोणत्या केंद्रावर जायचं हे गाडीत बसेपर्यंत सदस्यांनाही सांगत नाहीत, असं म्हणतात. पण गाडीनं पाडळसिंगीचा टोलनाका ओलांडला की इकडे कुणाच्या तरी शर्टाच्या खिशात फोन थरथरतो.

"पांढरी गाडी हाय. चौघं हायेत. पाठीमागच्या मॅडम कडक वाटायल्यात."

"कुठं चाललीय?"

"बीड सोडलं. आता मांजरसुंब्याला कळंल."

मांजरसुंबा हे या नाट्याचं मर्मस्थान. महामार्गावरचं हे फाट्याचं गाव. गाडी सरळ गेली तर चौसाळा, एका अंगाला वळली तर नेकनूर-केज-अंबाजोगाई, दुसऱ्या अंगाला वळली तर पाटोदा. पथक तिथे चहाला थांबलं की तीन दिशांच्या केंद्रांवर एकाच वेळी श्वास रोखला जातो. सदस्य दुसरा चहा मागवतात. एकजण पाय मोकळे करायला पाटोद्याच्या बाजूला चार पावलं टाकतो आणि पाटोद्याकडच्या वर्गांतून गाईडांचे गठ्ठे खिडकीबाहेर पडू लागतात. मग गाडी केजकडे वळते. पाटोदेकर तेच गठ्ठे परत आत घेतात.

पथक केंद्रावर पोचतं तेव्हा वर्ग असा शांत असतो की सदस्यांनाच बूट काढून आत जावंसं वाटावं. बाकावर पेन, हॉल तिकीट आणि पाण्याची बाटली. पोरं माना खाली घालून लिहितायत. ज्याला प्रश्नच कळलेला नाही तो प्रश्नपत्रिका पुन्हा उतरवून काढतोय, पण लिहितोय. केंद्रप्रमुख दारातच हात जोडून उभे. "आपल्याकडं तसलं काही नसतं बघा. पोरं गरीब आहेत." पोहे येतात. व्हिजिट बुकात शेरा पडतो: परीक्षा शांततेत व सुरळीत सुरू. गाडी फाटकाबाहेर पडते आणि वर्गात जी कुजबुज सुरू होते, तिच्यात खरी परीक्षा सुरू झाल्याचा उत्साह असतो.

इथवर सगळं ठरल्याप्रमाणे. पंचाईत होते ती पथक नसताना, एखाद्या पर्यवेक्षकाला चुकून काही दिसलं तर.

या लेखातले सर म्हणजे कुणी एक गृहस्थ नाहीत. आष्टीपासून परळीपर्यंत कोणत्याही केंद्रावर ते हमखास भेटतात. नेट झालेले, पीएच.डी. झालेले, चाळिशी ओलांडलेले आणि तरीही तासिका तत्त्वावर. कायम होण्याची वाट बघता बघता त्यांचे केस गेले, आशा तेवढी राहिली. परीक्षेच्या दिवसांत त्यांना पर्यवेक्षणाचं काम मिळतं. तीन तास उभं राहायचं, उत्तरपत्रिका वाटायच्या, सह्या करायच्या, पुरवण्यांना दोरा पुरवायचा. आणि न बघायचं. यातलं शेवटचं काम सर्वांत कठीण.

न बघण्याच्या तऱ्हा पुष्कळ आहेत. काहीजण छताच्या पंख्याकडे बघतात. मे महिन्यात तो बहुधा बंद असतो, त्यामुळे निरीक्षण दीर्घकाळ चालू शकतं. काहीजण खिडकीत उभे राहून दूरवर पाऊस येतोय का ते पाहतात. काहीजण हॉल तिकिटावरचा फोटो आणि समोरचा चेहरा यांचा मेळ घालण्यात अर्धा तास घालवतात, कारण फोटो बारावीतला असतो आणि दाढी आजची. सगळ्यांत दयाळू ते, जे रांगेतून फिरताना चपला वाजवत येतात. मागून आवाज आला की पुढच्या पोरानं काय करायचं ते करून घ्यावं, इतकी मुभा त्यात असते. चपला न वाजवता येणाऱ्या सरांना विद्यार्थी 'मांजर' म्हणतात आणि संस्थेत त्यांना पुढच्या सत्रात बोलावण्याचा विषय जरा मागे पडतो.

तर एके दिवशी सरांनी पंख्यावरून नजर काढली आणि ती नेमकी चौथ्या बाकावर पडली. पोराचा एक डोळा पेपरावर, एक मांडीवर. मांडीवर रुमाल. रुमालाकडे कुणी इतक्या भक्तिभावानं बघत नाही. शंका आली. शंका आली की माणसाचं वाटोळं होतं. सरांनी ती दोनदा झटकली, एकदा पाणी प्यायले, बाहेर जाऊन आले. परत आले तरी रुमाल तिथेच.

"ऊठ."

"कामून उठवलं सर?"

"हे काय आहे?"

"रुमाल हाय."

"रुमालावर घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत कसा आला?"

"आईनं नीट धुतला नसंल सर."

इथून पुढे शिक्षा सुरू होते, सरांची. कॉपी सापडली की गैरप्रकाराचा अहवाल भरायचा. दिनांक, सत्र, विषयाचा संकेतांक, बैठक क्रमांक, आक्षेपार्ह साहित्य कुठे सापडलं, कसं सापडलं, किती वाजून किती मिनिटांनी सापडलं. साहित्याचं वर्णन. ('निळ्या चौकडीचा रुमाल, एक बाजू लिखित, एक बाजू वापरलेली.') विद्यार्थ्याचा जबाब त्याच्याच अक्षरात. पर्यवेक्षकाची सही, केंद्रप्रमुखांची सही. रुमाल पाकिटात घालून लाखबंद. लाख सापडत नाही. लाख सापडते तेव्हा काडेपेटी नसते. ज्या शिपायाकडे असते तो ती आपल्याकडे नाही असं सांगतो, कारण कॉलेजच्या आवारात धूम्रपानाला बंदी आहे. दरम्यान पोराची पहिली उत्तरपत्रिका ताब्यात घेऊन त्याला नवी कोरी दिलेली असते, म्हणजे तो पुन्हा शांतपणे लिहायला बसतो. सर मात्र टेबलावर वाकून रकाने भरत असतात. एका कॉपीचा पंचनामा होईस्तोवर उरलेल्या सगळ्या वर्गाचा पेपर एकविचारानं सोडवून होतो.

आणि हा रुमाल निदान रुमाल तरी होता. चिठ्ठी असती तर तिचा पुरावा टिकणं अवघड. परीक्षा केंद्रावर सकाळी उपाशी आलेली पोरं संकटसमयी काय काय गिळतात, याची नोंद वैद्यकशास्त्रानं घ्यायला हवी. सरांच्या एका सहकाऱ्यानं एकदा अहवालात लिहिलं होतं, 'साहित्य विद्यार्थ्याच्या पोटात आहे.' वरून विचारणा आली, 'साहित्य सोबत का जोडले नाही?'

यामागे कायदा नाही असं कुणी समजू नये. महाराष्ट्रात विद्यापीठ, मंडळ आणि इतर विनिर्दिष्ट परीक्षांतल्या गैरप्रकारांना आळा घालणारा अधिनियम १९८२ सालचा आहे. कायदा आणि सर साधारण एका वयाचे. दोघांनाही कायम आपलं कुणी मनावर घेत नाही असं वाटत असतं. त्याशिवाय दरवर्षी जिल्हाधिकारी कार्यालयाचा आदेश निघतो: केंद्राच्या १०० मीटर परिसरात झेरॉक्सची दुकानं बंद. पूर्वी तो १४४ कलमाखाली निघायचा. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि कलमाचा आकडा १६३ झाला. आकडा वाढला, मीटर तेवढेच राहिले. दुकानदारांना ते तोंडपाठ. मोजपट्टीच्या पलीकडे पहिलं जे शटर उघडं असतं, तिथे गर्दी पाहून परगावच्या माणसाला रेशन आलंय असं वाटावं.

"साधी काढू का मायक्रो?"

मायक्रो झेरॉक्स ही एक वेगळीच कला आहे. गाईडाचं अख्खं प्रकरण अंगठ्याएवढ्या कागदावर बसतं. बसतं खरं, पण वाचता येत नाही. कितीतरी पोरं तीन तास त्या ठिपक्यांकडे टक लावून बसतात आणि शेवटी मनानं लिहून मोकळी होतात. ती पास झाली तर श्रेय मात्र झेरॉक्सवाल्याला जातं. जरा अभ्यासू पोरं चिठ्ठ्यांची एक अनुक्रमणिकाही करतात: पहिलं प्रकरण डाव्या बाहीत, दुसरं मोज्यात, तिसरं कॉलरीत. ही तयारी करताना नकळत पाठ होतं, असा एक सिद्धांत शिक्षकांच्या खोलीत नेहमी मांडला जातो. तो मांडणारे बहुधा तेच, ज्यांनी आयुष्यात एकही कॉपी पकडलेली नाही.

सरांकडे परत येऊ. पंचनामा संपतो तोवर फोन सुरू झालेले असतात. पोराकडे फोन नाही, तो वर्गाबाहेर बॅगेत आहे, तरीही बातमी गावात पोचलेली. पहिला फोन मामांचा.

"सर, आपलंच पोरगं हाय."

"मामा, रुमालावर लिहून आणलं होतं."

"मग रुमाल घ्या ना जप्त करून. पोराला कामून धरता?"

दुसरा फोन संस्थेच्या कुण्या संचालकांच्या पुतण्याचा. तो कॉपीबद्दल काहीच बोलत नाही. सरांची तब्येत विचारतो, सरांच्या तासिका पुढच्या वर्षी किती आहेत ते विचारतो, आणि 'बरं बरं' म्हणून ठेवतो. तिसरा फोन पोराच्या वडिलांचा, कर्नाटकातल्या कुठल्याशा कारखान्याच्या फडातून. मागे ट्रॅक्टरचा आवाज. बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास लाखांच्या घरात माणसं ऊसतोडीला बाहेर पडतात, आणि विद्यापीठाची हिवाळी परीक्षाही तेव्हाच येते. "सर, पोरगं कोयता सोडून पेपरला आलंय. आठ दिवसांचा खाडा पडला. आता तुम्हीच बघा." या फोनवर सरांना उत्तर सुचत नाही, कारण पंचवीस वर्षांपूर्वी असाच एक फोन करायला त्यांच्या वडिलांकडे फोन नव्हता. पोराच्या बाजूनं इतकं वजन पडतं की रुमाल बिचारा अगदीच हलका वाटायला लागतो.

संध्याकाळी घरी आल्यावर सरांना बायको विचारते, "मग काय मिळालं तुम्हाला पकडून?" या प्रश्नाला कुठल्याच अधिनियमात उत्तर नाही.

आपलं दुखणं एकट्याचं नाही, एवढंच समाधान सरांनी करून घ्यावं. मे २०१७ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत, सुरेवाडी भागात पोलिसांनी एका नगरसेवकाच्या घरावर छापा घातला. आत अभियांत्रिकीचे पंचविसावर विद्यार्थी याच विद्यापीठाच्या परीक्षेच्या उत्तरपत्रिका सोडवत बसलेले. परीक्षा केंद्रावर कोरी सोडलेली पानं इथे निवांत भरायची, अशी ती योजना. स्थापत्य शाखेची मुलं. घराशी त्यांचा संबंध अभ्यासक्रमाच्या मानानं जरा लवकरच आला. लक्षात घेण्याजोगं एवढंच, की तिथे ना पथक पोचलं होतं ना पर्यवेक्षक. पोचले ते पोलीस. जिथे कुणालाही न बघण्याचे कष्ट घ्यावे लागले नाहीत, असं केंद्र मराठवाड्यात बहुधा तेवढंच.

शंकेचा याहून मोठा गोंधळ २०२३ च्या बारावीला झाला. छत्रपती संभाजीनगर विभागीय मंडळाकडे बीडसह पाच जिल्हे येतात. त्या मंडळाकडच्या भौतिकशास्त्राच्या ३७२ उत्तरपत्रिकांत दोन-दोन हस्ताक्षरं निघाली. सुरुवातीचं लिखाण एका अक्षरात, मोकळ्या जागांतलं दुसऱ्याच. मंडळानं शिरस्त्याप्रमाणे विद्यार्थ्यांना सुनावणीला बोलावलं. विद्यार्थी म्हणाले, हे आमचं नाही. आता अशा प्रसंगी संवाद कसा होत असेल याची कल्पनाच केलेली बरी. 'हे उत्तर तू लिहिलंस?' 'नाही.' 'बरोबर आहे पण.' 'म्हणून तर नाही.' ज्याला आयुष्यात पहिल्यांदा आपलं उत्तर बरोबर असल्याचं कळतं, तेही चौकशी समितीसमोर, आणि ते आपलं नाही हे त्यालाच सिद्ध करून दाखवावं लागतं, त्या पोरानं भौतिकशास्त्रावर का विश्वास ठेवावा? पुढे या प्रकरणात फर्दापूर पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला तो सोयगाव तालुक्यातल्या दोन शिक्षकांवर. संशयाचं बोट बाकांवरून फिरत फिरत टेबलाकडे आलं.

त्याच वर्षी मंडळानं आणखी एक फेरफार केला. प्रश्नपत्रिका वाचायला मिळावी म्हणून ती १० मिनिटं आधी द्यायची पद्धत होती. त्या १० मिनिटांत ती विद्यार्थ्यांपेक्षा बाहेरचेच जास्त बारकाईनं वाचतात असं दिसल्यावर ती १० मिनिटं उचलून शेवटी जोडली. निखळ कॉपीमुक्त परीक्षा मात्र महाराष्ट्रात एकदाच झाली, २०२१ साली. त्या वर्षी कोरोनामुळे बारावीची परीक्षाच घेतली नाही आणि निकाल लागला ९९.६३ टक्के.

उलट ज्यांनी मनावर घेतलं त्यांचं काय झालं तेही शेजारीच बघता येतं. २०१० च्या आसपास नांदेडला जिल्हाधिकारी असलेल्या डॉ. श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्तीची मोहीम चालवली. तिला पुढे 'नांदेड पॅटर्न' असं नाव पडलं. बंदोबस्त खरोखरचा होता, त्यामुळे निकालही खरोखरचा लागला, म्हणजे घसरला. एरवी निकाल घसरला की शिकवणाऱ्यांना बोल लावतात. तिथे लोकांना काही दिवस कुणाला बोल लावावा तेच समजेना. बीडकडच्या काही मंडळींनी या पॅटर्नचं मनापासून कौतुक केलं आणि तो नांदेडलाच शोभतो असं ठरवून टाकलं.

उपाय शोधायला माणसं कमी पडलेली नाहीत. कर्नाटकात हावेरीच्या एका कॉलेजनं ऑक्टोबर २०१९ मध्ये विद्यार्थ्यांच्या डोक्यांवर पुठ्ठ्याचे खोके घातले. पुढून डोळ्यांपुरतं उघडं, बाजूनं सगळं बंद. फोटो जगभर फिरले, शिक्षण खात्यानं कान उपटले, कॉलेजनं दिलगिरी व्यक्त केली. राजस्थानात २०२१ च्या शिक्षक पात्रता परीक्षेला चपलेच्या तळव्यात ब्लूटूथ यंत्र बसवून आलेले उमेदवार सापडले. (चपला वाजवत फिरणाऱ्या आपल्या सरांना ही बातमी वाचून काय वाटलं असेल?) पुढे काही ठिकाणी परीक्षेला चपला बाहेर काढून ठेवायची पद्धत पडली. आता परीक्षार्थींना निकालाआधी चपलेची काळजी. आणि हा सगळा आजकालच्या पोरांचा नाठाळपणा आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी जुन्या चीनकडे पाहावं. तिथे सरकारी अधिकारी होण्यासाठी उमेदवारांना कोंडवाड्यासारख्या खोल्यांत बसवून परीक्षा घेत, आत जाताना अंगझडती होई, तरी कपड्यांच्या आतून मुंगीच्या अक्षरात आख्खे ग्रंथ लिहून आणलेले अंगरखे आज संग्रहालयांत ठेवलेले आहेत. आपल्या पोराचा रुमाल तसा घरंदाज निघाला म्हणायचा.

अलीकडे सरांचा एक नवा वैताग सुरू झालाय. नव्या शैक्षणिक धोरणात अंतर्गत गुण आले, अंतर्गत गुणांबरोबर असाइनमेंट आल्या, आणि असाइनमेंटबरोबर चॅटजीपीटी आलं. सरांनी हुशारी केली. असाइनमेंट हातानंच लिहून आणायची, टाइप केलेली चालणार नाही, असं बजावलं. पोरांनी आणली हातानं लिहून. सुंदर अक्षर, दोन रंगांची शाई, समास आखलेला. पहिलीच ओळ: 'नक्कीच! बीड जिल्ह्यातील दुष्काळाची कारणे खाली सविस्तर दिली आहेत.' शेवटची ओळ: 'आणखी काही मदत हवी असल्यास जरूर कळवा.' एकानं तर 'येथे आपले नाव लिहावे' हेही कंसासकट सुवाच्य अक्षरात उतरवलेलं.

"हे कुणी लिहिलं?"

"मीच लिहिलं सर. बोटं दुखायलीत अजून."

यात खोटं काय होतं? बोटं खरीच सुजलेली. सरांनी मग रात्री आपल्या मुलीच्या मोबाइलवर त्याच चॅटजीपीटीला विचारलं, 'हे तू लिहिलंस का?' ते म्हणालं, शक्यता आहे. सरांनी पुढे स्वतःच्या पीएच.डी.च्या प्रबंधातला एक उतारा टाकून तेच विचारलं. त्यालाही ते म्हणालं, शक्यता आहे. प्रबंध २०१२ सालचा. सरांना क्षणभर अभिमानच वाटला, मग भीती वाटली, मग ते झोपले. अमेरिकेतले टेक्सासमधले एक प्राध्यापक मे २०२३ मध्ये याच वाटेनं गेले होते. विद्यार्थ्यांचे निबंध त्यांनी चॅटजीपीटीला दाखवले, त्यानं बिनदिक्कत 'मीच लिहिले' असं सांगितलं आणि वर्गाचे गुण अडकले. चांगलाच गाजावाजा झाला. त्यानंतर दोनेक महिन्यांत, जुलैमध्ये, चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीनं यंत्राचं लिखाण ओळखणारं आपलंच साधन बंद केलं, कारण ते पुरेसं अचूक नव्हतं. यंत्राला आपलं लिखाण ओळखू येत नाही, हे वाचून सरांना पेपर तपासणीतले कितीतरी विद्यार्थी आठवले.

शिक्षकांच्या खोलीत यावर चर्चा झाली तेव्हा एका ज्येष्ठांनी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांचा दाखला दिला. प्रबंधात दुसऱ्याचं लिखाण १० टक्क्यांपर्यंत जुळलं तर दंड नाही. १० ते ४० टक्के जुळलं तर प्रबंध सुधारून सहा महिन्यांत पुन्हा द्यायचा, ४० ते ६० असेल तर वर्षभर थांबायचं, आणि ६० च्या वर गेलं की नोंदणीच रद्द. यानंतर खोलीत जरा वेळ कुणी बोललं नाही. प्रत्येकजण मनातल्या मनात आपापली टक्केवारी काढत होता. चहा घेऊन आलेल्या शिपायानं कोपऱ्यातून विचारलं, "मग त्या पोराचा रुमाल किती टक्के भरला सर?"

रुमालाचं प्रकरण पुढे यथावकाश विद्यापीठात गेलं. गैरप्रकारांच्या चौकशीसाठी २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानुसार जास्तीत जास्त पाच जणांची समिती असते. तिच्यासमोर म्हणणं मांडायला विद्यार्थ्याला पत्र येतं. पत्र गावात पोचतं तेव्हा पोस्टमन ते कुणालाही न दाखवता घरी देतो, आणि सगळ्यांना सांगतो. पोरगं पहाटेच्या एसटीनं निघतं. गेवराई, पाचोड, आडूळ करत गाडी संभाजीनगरला पोचेतो गाडीतच त्याला आणखी तिघे भेटतात, तेही सुनावणीलाच निघालेले. विद्यापीठाच्या व्हरांड्यात तर चार जिल्ह्यांचं संमेलनच भरलेलं. कुणी बाहीवाला, कुणी मोजेवाला, कुणी कॅलक्युलेटरच्या झाकणावाला. ज्याची त्याची हकीकत, ज्याच्या त्याच्या केंद्राचं कौतुक. अनुभवी एकजण नवख्यांना समजावून सांगतो: "आत गेल्यावर 'चुकून झालं' म्हणायचं. 'परिस्थिती' म्हणायचं न्हाई, सगळेच म्हणत्यात." आपल्या रुमालवाल्यानं हे लक्षपूर्वक ऐकलं आणि सवयीनं तळहातावर लिहून घेतलं.

समितीनं पाकीट फोडलं. लाख बरीच लागली होती. रुमाल टेबलावर पसरला गेला. एका सदस्यांनी चष्मा चढवून तो वाचला, दुसऱ्यांकडे सरकवला. प्रश्नपत्रिका मागवली. दोन्ही शेजारी ठेवली.

"रुमालावर आहे त्यातलं पेपरात काहीच आलेलं नाही की."

"तेच म्हणतोय मी सर. एक बी प्रश्न आला न्हाई. मग कॉपी कशी झाली?"

"जवळ सापडलं की गैरप्रकारच. वापरलं की नाही हा प्रश्न नाही."

"आणि तिसऱ्या मुद्द्याचं उदाहरण चुकलंय हे," चष्म्यावाले सदस्य म्हणाले. ते अर्थशास्त्राचे होते. त्यांना राहवलं नाही. त्यांनी पेनानं रुमालावर तिथल्या तिथे दुरुस्तीही सुरू केली होती. अध्यक्षांनी त्यांचा हात धरला, कारण तो पुरावा होता.

निर्णय झाला. त्या सत्रातली संपूर्ण संपादणूक रद्द, पुढच्या सत्रात सगळे पेपर पुन्हा. पोरानं मान डोलावली, सही केली, दोन पावलं दाराकडे गेलं आणि परत फिरलं.

"काय आता?"

"सर, तेवढा रुमाल परत भेटंल का? पुढच्या वेळी ह्यातलंच येणार, ह्या वेळी आलं न्हाई ना."

"तो जमा झाला."

"बरं. मग त्या सरांनी दुरुस्त केलेलं तेवढं सांगता का? तिसऱ्या मुद्द्याचं?"